मोरी पुढे, आम्ही मागे

सात गुरं एका कुरणातून दुसऱ्या कुरणात न्यायची, ह्यात काय कठीण आहे? हातात काठी घ्यायची, ‘हैक हैक’ ओरडायचं आणि मागून चालायचं. आठवीत असताना मला अगदी असंच वाटत होतं.

१९९४ सालची दिवाळीची सुट्टी. मी मामांकडे अकोले तालुक्यातल्या त्यांच्या गावी गेलो होतो. मामा निवृत्त शिक्षक. दुधाचा धंदा नाही, बैलांचा व्यापार नाही. पण गोठ्यात सात डांगी गुरं. चार गायी, एक कालवड, एक गोऱ्हा आणि एक म्हातारा बैल, ज्याला कामावरून केव्हाच रजा मिळाली होती. “ह्यांची हौस आणि माझ्या हाताला शेण,” असं मामी म्हणायच्या. पण रात्री भाकरीचा तुकडा मोरीला त्याच नेऊन घालायच्या, हे मी पाहिलं होतं.

डांगी गुरं तुम्ही पाहिली आहेत का? पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके, आणि काळे कठीण खूर. त्यांच्या कातडीतून एक तेलकट पदार्थ पाझरतो. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या धो धो पावसातही ती चरत राहतात. आम्ही मात्र छत्री उलटली की घरी पळतो!

मामांची जमीन दोन ठिकाणी होती. वरती डोंगराच्या उतारावर गवताचा माळ आणि खाली ओढ्याकाठी एक पड. पावसाळाभर गुरं माळावर. पण दिवाळी आली की माळावरची कुसळी पिकते. कोवळी असते तोवर गुरं ती आवडीनं खातात. पण एकदा का तिला कुसळं आली, की ती गुरांच्या तोंडात रुततात. (माझ्या मोज्यांत तर इतकी रुतली होती की मामींनी मोजे सरळ चुलीत घातले.) म्हणून तेव्हा गुरं खाली आणायची. तोवर पडीतलं गवत चांगलं उठलेलं असायचं, कारण चार महिने तिथे कुणी तोंड लावलेलं नसायचं. “गवताला पण सुट्टी लागते रे,” मामा म्हणायचे. सारखं सारखं खुडलं की मुळांतला जोर संपतो.

वाट दीड किलोमीटरची. पण ती ओढा ओलांडून एका आजींच्या भातखाचराच्या बांधावरून जायची. दुसरी वाटच नव्हती. त्या आजी ‘जा’ म्हणायच्या म्हणून जायचं, एवढाच काय तो करार. हळवं भात कापून झालं होतं. आजींचं गरवं भात मात्र अजून उभं होतं, पिवळंधमक.

सकाळी मामांनी गुरांना आधी पेंढा घातला. भुकेल्या पोटी हिरव्यागार गवतावर तुटून पडली तर पोट फुगतं, म्हणून. मग आम्ही निघालो. मोरी पुढे. ती काही सगळ्यांत दांडगी गाय नव्हती. दांडगी होती चांदी, जी सगळ्यांना शिंगं दाखवायची. पण चालताना सगळी मोरीच्याच मागे. मामा तिच्या बाजूनं चालत होते आणि मी सर्वांत मागे, काठी घेऊन.

ओढ्याशी मोरी थांबली. मान खाली घालून समोर बघत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. मामाही उभे. मला काही राहवेना. मी शेवटच्या कालवडीच्या अगदी मागे गेलो, ओरडलो आणि काठी हाणली.

कालवड अशी उसळली की विचारू नका! ओढा राहिला बाजूला, ती सरळ आजींच्या भातात. मी तिच्या मागे धावलो. मी धावतोय म्हणून ती आणखी आत. तिला बघून गोऱ्हाही घुसला. पिकलेला दाणा सर्र सर्र गळत होता, तो आवाज अजून कानात आहे.

“उभा राहा!” मामा ओरडले. “हलू नकोस!”

मी तसाच भातात उभा राहिलो. मामा शांतपणे ओढ्यात उतरले. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत निळ्या प्लॅस्टिकचा एक तुकडा अडकून फडफडत होता. तो काढून त्यांनी खिशात घातला. मोरीनं पाणी हुंगलं आणि ती ओढा ओलांडून गेली. तिच्या मागे बाकीची. आपण एकटे मागे राहिलो हे कळताच कालवड आणि गोऱ्हा स्वतःहून धावत बाहेर आले.

गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं नाही. आणि मी नेमका तिथे उभा होतो! बाजूला, जरा अंतरावर राहून तिच्या खांद्याच्या मागे गेलं तर ती पुढे चालते. खांद्याच्या पुढे आलं तर थांबते. काठी लागतच नाही. पुढे कितीतरी वर्षांनी टेंपल ग्रँडिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंचं लेखन वाचलं. लोंबती साखळी, जमिनीवरची सावली, असल्या साध्या गोष्टींपाशी गुरं अडतात, असं त्या सांगतात. मला लगेच तो निळा तुकडा आठवला.

संध्याकाळी मामा मला घेऊन आजींकडे गेले. सोबत दोन पायल्या भात. आजींनी भाताकडे पाहिलंसुद्धा नाही.

“आरं, गुरू कुटं पळत व्हतं? तू पळवलंस त्याला,” त्या म्हणाल्या. मग मामांकडे वळून, “आन् मास्तर, पोरच त्ये. ऱ्हाऊ द्या.”

“राहू कसं देऊ? उद्या तुम्ही बांध बंद केलात तर मी गुरं कुठून नेऊ?”

आजी काहीच बोलल्या नाहीत. ‘बंद करणार नाही’ असंही म्हणाल्या नाहीत. मला रात्री झोप लागली नाही. माझ्यामुळे मामांची गुरं विकावी लागली तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा मागून आजींच्या खाचरात गेलो. दोन दिवस भात कापलं. म्हणजे खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी भातापेक्षा बोटंच जास्त कापली. आजी माझ्या दुप्पट वेगानं पुढे जायच्या आणि मागे वळून नुसत्या हसायच्या.

पुढच्या दिवाळीत मी पुन्हा गेलो. ह्या वेळी मामा मागे आणि मी मोरीच्या बाजूला. बांधावर आजी उभ्या होत्या.

“काय रं, यंदा तुडवायचं का कापायचं?”

मी उत्तर दिलं नाही, कारण मोरी ओढ्याशी थांबली होती. समोर मला तरी काहीच दिसत नव्हतं. मी दोन्ही हात मागे बांधले आणि मनात आकडे मोजत उभा राहिलो. चाळीस झाले, साठ झाले. ऐंशीच्या आसपास मोरीनं मान खाली घालून पाणी हुंगलं आणि पहिला पाय ओढ्यात टाकला.