जोडसायकलीवरून दोनशें किलोमीटर

आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षीं यजमानांनीं मला सायकल चालवावयास शिकविलें. मागून सीट धरून ते धांवत आणि म्हणत, "तूं पुढें पाहा, मागें मी आहें." त्यांनीं हात केव्हां सोडला हें मला कळलेंहि नाहीं. पंचवीस वर्षांनीं त्यांस पाठीमागें बसवून सायकल हांकण्याची पाळी माझ्यावर येईल, असें तेव्हां स्वप्नांतहि वाटलें नव्हतें.

यजमानांस काचबिंदू झाला. ह्या रोगांत बहुधा डोळ्यांतील दाब वाढतो व दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. डोळा दुखत नाहीं, खुपत नाहीं. प्रथम कडेचें दिसेनासें होतें, म्हणून रोग्यास पुष्कळ दिवस पत्ताच लागत नाहीं. गेलेली दृष्टि परत येत नाहीं. वेळींच उपचार झाले तर उरलेली बहुधा राखतां येते. आम्हांस उशीर झाला. शेवटीं त्यांस उजेड आणि अंधार एवढाच भेद कळूं लागला. आपली सायकल त्यांनीं स्वतः पुसून शेजारच्या मुलास देऊन टाकली, आणि त्या दिवसापासून ते फारसे बोलेनासे झाले.

अशांत एका स्नेह्यानें दोघांनीं चालवावयाची सायकल आमच्या दारांत आणून उभी केली. इंग्रजींत हिला टॅण्डेम म्हणतात. आमच्या घरीं हिचें नांव जोडसायकल असें पडलें. हिच्यावर एकामागें एक अशा दोन बैठका असतात. दोघांचीं पायडलें साखळीनें जोडलेलीं असल्यामुळें एकाचे पाय फिरले कीं दुसऱ्याचे फिरलेच पाहिजेत. हॅण्डल, ब्रेक व गिअर हीं पुढच्याच्या हातीं. पुढच्यास कप्तान म्हणतात. मागच्यास, जुन्या आगगाडीच्या एंजिनांत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचें इंग्रजी नांव मिळालेलें आहे. ह्या आगवाल्यास डोळ्यांवांचून अडत नाहीं.

पतिपत्नींनीं असा प्रवास करणें कांहीं नवें नव्हे. १८८४ सालीं एलिझाबेथ रॉबिन्स पेनेल ही अमेरिकन लेखिका व तिचा चित्रकार पति जोसेफ यांनीं, लग्न होऊन थोडेच दिवस झाले असतां, दोघांच्या तीनचाकीवरून लंडनहून कँटरबरीची यात्रा केली. आणि त्याच वर्षीं इटलींत फ्लॉरेन्सहून रोमपर्यंत प्रवास केला. त्या प्रवासांचीं पुस्तकें तिनें लिहिलीं व त्यानें चित्रांनीं सजविलीं. ही हकीकत मीं यजमानांस सांगितली, तेव्हां पुष्कळ दिवसांनीं ते हंसले व म्हणाले, "मग आपणहि कोठेंतरी जाऊन आलें पाहिजे."

सराव सुरू झाला. तिसऱ्याच दिवशीं एका गतिरोधकावरून मीं सायकल तशीच नेली. मला तो दिसला होता. परंतु सांगावयाचें राहिलें. यजमानांच्या पाठीस जोराचा हिसका बसला. घरीं आल्यावर ते एवढेंच म्हणाले, "अगं, लागलें त्याचें कांहीं नाहीं. तुला दिसलें आणि तूं सांगितलें नाहींस, ह्याचें वाईट वाटलें." त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून माझें तोंड मीं मिटलें नाहीं. "खड्डा आला", "आतां उतार", "डावीकडे वळतें", "पाय थांबवा", असें अखंड चालू झालें.

गेल्या डिसेंबरांत आम्हीं ब्रेव्हेंत नांवें घातलीं. हा प्रकार फ्रान्सांतून आलेला आहे. ही शर्यत नव्हे. येथें पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किलोमीटर अंतर १३ तास ३० मिनिटांत पुरें करावयाचें, वाटेंतील ठाण्यांवर हजेरीची खूण घ्यावयाची, आणि वाटेंत मोडतोड झाली तर ती आपली आपणच दुरुस्त करावयाची, एवढे नियम.

पुण्याहून पहांटे सहा वाजतां निघून आम्हीं कात्रजचा चढ ओलांडला. उजाडल्यावर जें जें दिसेल तें तें मी सांगत होतें. शिरवळजवळ नीरा नदी आली, तेव्हां मीं सांगण्यापूर्वींच ते म्हणाले, "पाण्याचा गारवा लागला." सपाटीवर जोडसायकल चांगली धांवते, कारण बळ दोघांचें आणि वारा कापावयाचा तो जवळजवळ एकट्याइतकाच. चढावर मात्र दोघांचें ओझें जाणवतें. खंबाटकीच्या घाटांत माझा श्वास पुरेना. पायडलांवर माझे पाय नुसते ठेविलेले होते, तरी तीं फिरतच होतीं. मागून एकसारखा नेट येत होता.

सुरूरच्या फाट्यावर चहा घेतांना एक म्हातारी मला म्हणाली, "आंधळ्या धन्याला फिरवतीस, लई पुण्य लागंल बाई तुला." यजमान हंसून म्हणाले, "आजी, घाटांत मीच हिला वर आणली. अर्धें पुण्य माझ्या नांवावर मांडा."

साताऱ्याच्या वाटेवर शंभर किलोमीटर पुरे करून आम्ही माघारीं वळलों. खेड शिवापूरच्या जवळ दिवस मावळतां मावळतां मागचें चाक बसलें. माझे हात थरथरूं लागले. हातांतील दिव्याच्या उजेडांत मला कांहींच सांपडेना. यजमान म्हणाले, "दिवा राहूं दे. चाक इकडे दे." त्यांनीं टायर काढिला, आंतून हळूहळू बोट फिरविलें, आणि बाभळीचा बारीक कांटा काढून माझ्या तळहातावर ठेविला. नवी ट्यूब घालून, हवा भरून ते उठले, तेव्हां वीस मिनिटें झालीं होतीं. मला तेवढ्या वेळांत कांटाहि सांपडला नसता.

सात वाजून एकोणीस मिनिटांनीं आम्ही शेवटच्या ठाण्यावर पोहोंचलों. मुदतीचीं अकरा मिनिटें शिल्लक होतीं. आमचें कार्ड यजमानांनीं कितीतरी वेळ हातांत धरून ठेविलें होतें.

बालमित्रांनो, तुम्हीं पुढें कोणा ना कोणाच्या पुढच्या बैठकीवर बसाल. वाटेंतला खड्डा तुम्हांस चुकवितां येईलच असें नाहीं. परंतु तो आधीं सांगतां येईल, तेवढें सांगत जा. आणि मागें बसलेला माणूस म्हणजे ओझें, असें कधीं मानूं नका. पालकांसहि एक विनंति आहे: चाळिशी उलटली म्हणजे डोळे तपासून घेत जा, आपल्याला स्वच्छ दिसत असलें तरीहि.

यजमान आतां पूर्वींसारखे पुष्कळ बोलतात. येत्या हिंवाळ्यांत तीनशें किलोमीटर जावयाचें, असें त्यांनीं परस्पर ठरवूनहि टाकलें आहे.