जठारपेठेत तुमची पोस्ट काय?

अकोल्याच्या जठारपेठेत सुट्टीला आलेल्या पोराला पहिला प्रश्न पगाराचा नसतो. ‘पोस्ट काय?’ हा असतो! बरोबरच आहे म्हणा. १९६९ पासून गावात कृषी विद्यापीठ, शिवाय कलेक्टर ऑफिस. सहायक प्राध्यापक, सहयोगी, मग प्राध्यापक. नायब तहसीलदार, मग तहसीलदार. शिडी सगळ्यांना तोंडपाठ.

आयटीची शिडी मात्र इथे पाय घसरवते. दिवाळीत चौकात चहा पिताना मावसभावाने सांगितलं, ‘स्टाफ इंजिनिअर झालो.’ ओळखीचे एक काका हळहळले, ‘आजून स्टाफच काय? मॅनेजर कधी होशीन बाप्पा?’

आता गंमत बघा. गुगलमध्ये फ्रेशर इंजिनिअर साधारण एल-३ वर लागतो. एल-५ म्हणजे सीनियर आणि एल-६ म्हणजे स्टाफ. स्टाफ चक्क सीनियरच्या वर! शिवाय शिड्या दोन, शेजारी शेजारी. एक माणसं सांभाळणाऱ्यांची, दुसरी इंजिनिअरांची. मॅनेजर न होताही बढती मिळते. जठारपेठेच्या भाषेत, प्राध्यापक आहे पण विभागप्रमुख नाही. काकांना हे लगेच पटलं.

मायक्रोसॉफ्टचे आकडे आणखी वेगळे, तिथे सीनियर ६३ पासून. मोठ्या परदेशी बँकांत तर व्हाइस प्रेसिडेंट ढिगाने सापडतात.

पण हा नुसता शब्दांचा खेळ नाही, बॉस. या एका उत्तरावर स्थळं येतात नि परतही जातात. बायोडेटात शोभेल म्हणून भावालाही मॅनेजरकी घ्यावीशी वाटली होती. त्याने घेतली नाही. त्याला कोड लिहायलाच आवडतं.

तेव्हा नवी ऑफर आली, की टायटलवर भाळू नका. आधी विचारा, लेव्हल कोणती? आणि काम काय?