पाच अख्ख्या, एक फाटलेली

सातारचं घर विकलं तेव्हा बाबांनी नव्या मालकाकडे एकच गोष्ट मागितली. माजघराच्या दाराच्या पट्ट्या. चौकट आणि भिंत यांच्यातली फट झाकायला मारलेल्या, गोलाई काढलेल्या सागवानी पट्ट्या. हल्ली सुतार त्यांना मोल्डिंग म्हणतात. दाराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, एकूण सहा. घर पाडायचंच होतं, त्यामुळे तो म्हणाला, सोमवारच्या आत काय न्यायचं ते न्या.

मी म्हटलं, सुतार कशाला, मी काढतो की. इंजिनिअरिंगची पदवी आणि दोन व्हिडिओ एवढ्या भांडवलावर शनिवारी सकाळी पट्टीमागे मोठा स्क्रूड्रायव्हर घातला आणि हातोडी मारली. पट्टी हलली. मला हुरूप आला. अजून जोर लावला आणि कडकन आवाज झाला. उभी पट्टी मधोमध तिरकी फाटली, वर ताटाएवढा गिलावा खाली आला. बाबा काही बोलले नाहीत. खाली बसून ढलप्या वेचायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी ते गल्लीतल्या सुतारकाकांना घेऊन आले. सत्तरीच्या पुढचे. फाटलेली पट्टी बघून म्हणाले, "पहार घेतली नाहीस हे नशीब."

त्यांच्या पिशवीतून लांबी भरायची दोन पातळ पाती, पटाशी, एक्सा ब्लेडचा तुकडा, जंबूर आणि रुमालात बांधलेल्या लाकडी पाचरी निघाल्या. बस, एवढंच. आधी त्यांनी पट्टी आणि भिंत मिळतात तिथे ब्लेडने वरपासून खालपर्यंत चीर दिली. रंगाच्या थरांनी दोन्ही एकजीव झालेलं असतं. तसंच ओढलं की भिंतीचा पापुद्रा सोबत येतो. मग पट्टीवर बोटं फिरवत खिळे शोधले. रंगाखाली किंचित खळगा लागला की पातं तिथेच. मी दोन खिळ्यांच्या मध्ये जोर लावला होता. दोन्हीकडे धरलेलं लाकूड मधे वाकवलं तर तुटणारच. पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये मला चांगले मार्क होते, हे इथे नमूद करतो.

दोन पात्यांच्या मध्ये पटाशी, भिंतीकडून प्लायचा तुकडा, म्हणजे दाब गिलाव्यात रुतत नाही. कागदाएवढी फट पडली की पाचर, आणि पुढचा खिळा. एक टोक पूर्ण मोकळं करायचंच नाही. सगळीकडून थोडं थोडं, पुन्हा खालून वर. एक गंजका खिळा हलेना, तो फटीतूनच एक्सा ब्लेडने कापला. एका पट्टीला पाऊण तास.

पट्टी हातात आल्यावर मी मागून खिळ्याच्या टोकावर हातोडी उगारली. त्यांनी मनगट धरलं. "डोकं पुढचं लाकूड फोडत येईल, बाळा." जंबुराने त्यांनी खिळा मागूनच ओढला. डोकं लाकडातून आरपार मागे आलं, पुढे फक्त बारीक भोक.

बाबांना लगेच पॉलिशपेपर मारायचा होता. ते मात्र मी थांबवलं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा 2017 मध्ये लागू झाली. ती धूळ नाकात नको. त्या दिवसातलं माझं एकमेव उपयोगी वाक्य.

फाटलेल्या पट्टीच्या कडेला थर दिसत होते. तपकिरी, राखाडी आणि तळाशी चक्क पोपटी.

"हा तुझ्या काकाचा," बाबा म्हणाले. दोघा भावांनी सुट्टीत, आजोबांना न विचारता मारलेला. आजोबांनी दुसऱ्याच दिवशी वरून राखाडी मारायला लावला.

काका गेल्या वर्षी गेले. या घरावरूनच शेवटची चार वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

सुतारकाकांनी प्रत्येक पट्टीच्या मागे पेन्सिलीने नंबर घातले. फाटलेली मी टाकायला बाजूला ठेवली होती. बाबांनी तीच गाडीत पहिली ठेवली. सहाही आता वाकडच्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली आहेत. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, वाळवी नाही ना लागली? जुन्या सागाला सहसा लागत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी खाली वाकून बघतो आणि सांगतो, नाही.