कॉन्कुसिओ : जमिनीचा हादरा, माणसाचा हादरा

इ. स. ५० च्या सुमाराची गोष्ट. रोमन अमलाखालील इजिप्तमध्ये, ऑक्सिरिंकस नगरात त्रिफोन नावाचा विणकर राहत असे. त्याने जिल्हाधिकाऱ्याकडे दिलेला तक्रार अर्ज पपायरसवर आजही उपलब्ध आहे. विणकरांचा कर वसूल करणाऱ्या अपोलोफानेसने त्याच्या अंगावरचा ८ द्राख्मा किमतीचा लिननचा अंगरखा बळजबरीने हिसकावला. वर ४ द्राख्मा आणि सहा महिने दरमहा २ द्राख्मा उकळल्या. एकूण २४ द्राख्मा.

अर्ज ग्रीक भाषेत आहे. त्यात ‘उकळणे’ या अर्थी योजलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ मात्र ‘गदागदा हलवणे’ असा आहे.

लॅटिन भाषेतही हेच घडले. ‘क्वातेरे’ म्हणजे हलवणे. त्यावरून ‘कॉन्कुसिओ’ म्हणजे प्रचंड हादरा. हेलिके आणि बूरा ही दोन ग्रीक नगरे ज्या भूकंपात नष्ट झाली, त्याच्यासाठी तत्त्वज्ञ सेनेकाने हाच शब्द वापरला.

पुढे हा शब्द न्यायालयात पोहोचला. इ. स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहाच्या ४७व्या ग्रंथात ‘कॉन्कुसिओ’वर स्वतंत्र प्रकरण आहे. प्रांताधिपतीच्या आज्ञेची बतावणी करून कोणी धाक दाखवला व लुबाडले, तर प्रांताधिपतीने तो ऐवज परत करवावा आणि अपराध्याला शासन करावे, असे विधिज्ञ उल्पियन तेथे सांगतो.

बायबलमध्ये योहान सैनिकांना बजावतो की कोणाला धमकावून पैसे घेऊ नका. तेथील ग्रीक क्रियापद त्रिफोनच्या अर्जातलेच आहे. लॅटिन अनुवादात त्या जागी ‘कॉन्कुतेरे’ येते.

मराठीत पैसे ‘उकळतात’, लॅटिनमध्ये माणसाला ‘हलवतात’. मराठी शब्दाचे लक्ष पैशाकडे आहे, लॅटिन शब्दाचे हादरलेल्या माणसाकडे. पायांखालची जमीन स्थिर राहील, या भरवशावर माणूस घर बांधतो. राज्यसत्तेचा अधिकारी रक्षण करील, या भरवशावर तो कर भरतो. दोन्ही भरवसे ढळले की होणाऱ्या अवस्थेला रोमनांनी एकच नाव दिले.

इंग्रजीत ‘कन्कशन’ म्हणजे डोक्याला बसलेला मार. फ्रेंच आणि इटालियन कायद्यांत मात्र याच शब्दाची रूपे सरकारी अधिकाऱ्याने अधिकाराच्या जोरावर केलेल्या बेकायदा वसुलीसाठी आजही वापरली जातात. त्रिफोनची तक्रार तीच होती.