अर्धा टाकलेला डाव

सरावातील मोकळ्या झुंजीत, म्हणजे ‘रांदोरी’त, सहज लागणारा डाव स्पर्धेच्या मॅटवर का लागत नाही, हा ज्युदो प्रशिक्षकांना छळणारा सर्वांत चिवट प्रश्न आहे आणि ‘पोरगं मनानं कच्चं आहे’ एवढ्यावर तो बहुधा उरकला जातो. हे उत्तर प्रशिक्षकाला सोयीचे असते, कारण मग विजय शिकवणुकीच्या खात्यावर जमा होतो आणि पराभव शिष्याच्या मनावर ढकलता येतो.

अडचण नेमकी कोठे आहे हे ‘उचिमाता’ या डावात स्पष्ट दिसते. प्रतिस्पर्ध्याचा तोल पुढे मोडून (याला ‘कुझुशी’ म्हणतात) त्याच्याकडे पाठ करत आत शिरायचे, एका पायावर उभे राहायचे आणि दुसरा पाय त्याच्या मांड्यांमधून मागे उसळवायचा, अशी ही रचना असल्याने डाव टाकणारा स्वतःचा तोलही पणाला लावत असतो. समोरच्याने तो पाय शिताफीने चुकवला, तर टाकणाराच पाठीवर आपटतो आणि ‘इप्पोन’ने, म्हणजे कुस्तीतल्या चितपटीसारख्या निर्णायक गुणाने, चार मिनिटांची झुंज तिथेच संपते. ही शक्यता ज्याच्या मनात आधी डोकावते त्याची भीती सर्वप्रथम बाहीवरच्या पकडीत उतरते: खेचणारा हात अडवू लागतो, कोपर अंगाशी येते, कंबर अर्धीच वळते. असा अर्धा टाकलेला डाव उलटवणे सर्वांत सोपे असल्यामुळे ज्याची धास्ती होती तेच घडते. थांबून राहण्याचीही सोय नाही, कारण आक्रमण टाळणे आणि खोटे आक्रमण करणे या दोन्हींसाठी ‘शिदो’ ही ताकीद मिळते आणि तिसऱ्या शिदोला झुंज हातची जाते.

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदोची स्थापना केली, तेव्हापासून या विद्येत ‘उकेमी’, म्हणजे इजा न होता पडण्याचे तंत्र, पायाभूत मानले गेले आहे. पडण्यात काही गमवावे लागत नाही हे तालमीत शरीराला पटवले जाते, पण गुणफलक नेमके उलट शिकवतो. आणि ज्या क्लबांत काळ्या पट्ट्याचे ज्येष्ठ खेळाडू कनिष्ठांकडून फेकले जाणे मानहानीचे समजतात, तेथे रांदोरीही छुपी स्पर्धाच बनते. वजनगटासाठी पाणी तोडून उतरवलेले वजन यात भर घालते, कारण चिडचिड, सुस्ती आणि विस्कळीत झोप सोबत घेऊन आलेला खेळाडू धोका पत्करण्याऐवजी पकडीशीच खेळत राहतो.

जपानच्या उता आबे हिने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले होते. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात ती वाझा-आरीची, म्हणजे इप्पोनखालच्या गुणाची, आघाडी घेऊनही दुसऱ्याच फेरीत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवा हिच्याकडून इप्पोनने हरली आणि मॅटबाहेर प्रशिक्षकाला बिलगून हंबरडा फोडून रडली, तेव्हा ज्युदोच्या शिष्टाचाराचा भंग झाल्याची टीका झाली. ही टीका करणाऱ्यांना नमस्काराची रीत तेवढी ठाऊक असावी. विजयाच्या हट्टाची किंमत जपानइतकी क्वचितच कोणी मोजली असेल: तेथील महिला संघाच्या 15 खेळाडूंनी केलेली मारहाणीची तक्रार 2013 मध्ये उजेडात येऊन मुख्य प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले, तर 2022 मध्ये विजयाचा अतिरेक होतो या कारणावरून प्राथमिक शाळकरी मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद करण्यात आली.

अलीकडे प्रतिस्पर्ध्याला शिदो मिळवून देऊनच जिंकायला शिकवणाऱ्यांचे पीक आले आहे. त्यांच्या शिष्यांना भीती वाटत नाही हे खरे, कारण ते आत शिरतच नाहीत. दुसरीकडे झुंजीआधी छाती ठोकून घोषणा देणारे प्रशिक्षक आहेत, ज्यांच्या आरोळीने फार तर नाडीचे ठोके वाढतात, कोपर मात्र अंगाशीच राहते. तुलनेने उपयोगी पडते ती गुण न मोजता, ज्येष्ठांनीही मोकळेपणाने पडण्याची रांदोरी. पण तिच्यात प्रशिक्षकालाही शिष्याकडून पडावे लागते आणि वाढत्या वयात पाठीपेक्षा प्रतिष्ठेलाच ते अधिक लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पंचाने ‘माते’ म्हणून झुंज थांबवली असेल तेव्हाच खुर्चीतल्या प्रशिक्षकाला बोलता येते, त्यामुळे शिरण्याच्या क्षणी तो मुका असतो. आणि मिळालेल्या त्या मोजक्या सेकंदांत तो जे ओरडतो, त्यातले बरेचसे शेजारच्या खुर्च्यांतल्या प्रशिक्षकांनी ऐकावे म्हणूनच असते.