सावरीचा कापूस

हैदराबाद,
श्रावणातला पहिला रविवार

चि. बाळास,

तुझं पत्र काल मिळालं. शिबिरात भिजल्या लाकडांपुढे दोन काडेपेट्या संपल्या, मग कुणीतरी पेट्रोल ओतलं, भडका उडाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि दोन मिनिटांत पुन्हा अंधार. वाचताना माझ्या पोटात गोळा आला. कुणाला भाजलं नाही, हे नशीब समज. पेट्रोलची बाटली पुन्हा शेकोटीच्या आसपास फिरकू देऊ नकोस.

आपलं नेमकं काय चुकलं, असं तू विचारलं आहेस. पेट्रोलची वाफ स्वतःच जळते, धग वर निघून जाते आणि खालचं लाकूड होतं तसं ओलंच राहतं. पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट त्याच पाण्याची वाफ करायला लागते. लाकडात पाणी आहे तोवर ते शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि पेट घ्यायला त्याला अडीचशे-तीनशे अंश तरी हवेत. चार क्षण जळणाऱ्या काडीनं एवढं ओझं कसं उचलावं? तिला एवढीच कामगिरी द्यायची, की तिच्याहून जरा मोठं, अगदी कोरडं काहीतरी तिनं पेटवावं. मग त्यानं पुढचं पेटवायचं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. किनवटकडच्या आपल्या घरी आजोबांच्या कनवटीला एक बटवा असायचा. त्यात पोलादाचा वाकडा तुकडा, एक गारगोटी आणि बांबूची बोटभर नळी. नळीत सावरीचा कापूस, थोडा जाळून काळा केलेला. गारगोटीवर पोलाद घासलं, की पोलादाचे बारीक कण तापून ठिणग्या होतात. त्यातली एखादी काळ्या कापसावर पडली, की तो ज्वाळेविना धुमसू लागतो. आजोबा तो सुक्या गवताच्या चुंबळीत ठेवायचे, चुंबळ ओंजळीत धरून हळू फुंकर घालायचे. आधी धूर दाट व्हायचा, मग एकाएकी जाळ. भर आषाढात, गोठ्याच्या वळचणीला उभं राहून त्यांनी असा विस्तव केलेला मी पाहिला आहे. पण तो कापूस त्यांनी चैत्रात, बोंडं उकलली तेव्हाच वेचून ठेवलेला असायचा. पावसातला जाळ उन्हाळ्यात लागतो, हे मी त्यांच्याकडून शिकले.

इथे आल्यावर एक गंमत कळली. आजोबांच्या त्या पोलाद-गारगोटीला आपण चकमक म्हणतो, तिला तेलुगूत चेकुमुकी म्हणतात. मूळ शब्द तुर्की. तुर्कस्तानात आजही सिगारेट पेटवायच्या लायटरला चकमकच म्हणतात. जनविज्ञान वेदिकेच्या तेलुगू बालविज्ञान मासिकाचं नाव 'चेकुमुकी', आणि भोपाळच्या एकलव्य संस्थेनं १९८५ साली सुरू केलेल्या हिंदी बालमासिकाचं 'चकमक'. मुलांच्या मासिकाला याहून चांगलं नाव मला सुचत नाही. तुझ्या पोरांना हे सांग.

आता पुढच्या महिन्यात तू त्यांना घेऊन विकाराबादला मित्राच्या शेतावर येणार आहेस, त्याविषयी. अनंतगिरीचा डोंगर तिथून जवळ आहे, तिथेच आपल्या मुसी नदीचा उगम. मुलांना तो जरूर दाखव, पण जंगलात शेकोटी नको. राखीव वनात जाळ करणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते जंगल पाखरांचं आणि झाडांचं आहे. शेतावर, मालकाला विचारून, गवत खरवडलेल्या जागीच जाळ कर.

तो भाग तुरीचा. तांडूरच्या तुरीला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जिल्ह्यातलं गाव. म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या पडवीत तुराट्यांचा भारा उभा असणारच. तुझ्या आजीची चूल तुराट्या-पऱ्हाट्यांवरच पेटायची, आठवतं? एखादी तुराटी हातानं मोडून बघ. कट्‌ असा आवाज आला तर कोरडी. नुसती वाकली तर बाजूला ठेव. बांधावर शिंदीची आणि ताडाची झाडं असतील. शिंदीच्या जुन्या झावळीच्या बुडाशी जाळीसारखे धागे असतात, पानांच्या आडोशाला असल्यानं बरेचदा कोरडे सापडतात. नारळाची किशीही चालेल, हातावर चोळून भुसभुशीत करायची.

लाकूड जमिनीवर पडलेलं घेऊ नका, ते खालूनही पाणी पितं. झाडाला अडकून उभी वाळलेली फांदी शोधा. पाऊस तिला वरवरच भिजवतो. साल काढा, कुऱ्हाडीनं उभी फोडा, आतला गाभा कोरडा निघेल. त्याच्याच पातळ ढलप्या काढा. हे फोडणं मोठ्या माणसानंच करायचं. ओल्या मातीवर आधी चार फाटी शेजारी-शेजारी आडवी टाका, जाळ त्यावर रचा. भोवती दगड लावायचे तर ओढ्यातले गोटे नकोत. आत शिरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून उडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेटवण, काडीएवढ्या काटक्या, बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या, असे चार ढीग आडोशाला तयार झाल्याशिवाय काडी ओढायची नाही. तुमचं तिथेच चुकलं असणार. काडी आधी ओढली, काटक्या नंतर शोधायला गेलात. पहिला जाळ लागला की पोरं उत्साहानं मोठं लाकूड टाकतात आणि बाळसं न धरलेला विस्तव गुदमरतो. त्याला वारा हवा, पोकळी हवी. ओलं सरपण जाळाच्या कडेनं रचा, ते शेकून सुकेल आणि रात्री कामाला येईल. तंबूत मात्र निखारासुद्धा नेऊ नका, त्याचा विषारी वायू दिसत नाही पण जीव घेतो. झोपण्यापूर्वी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, हाताला गार लागेपर्यंत.

तुझ्या आजीला आठवतो तो काळ, जेव्हा आपल्या गल्लीत विस्तव विझला तर शेजारी मागायला जायचे. रात्री निखारा राखेत पुरून ठेवायचा, सकाळी उकरून त्यावर गोवरी ठेवायची. विस्तव राखणं हे घरातल्या बाईचं रोजचं काम होतं. ते कुणी मोजलं नाही, पण त्याच निखाऱ्यावर सगळ्यांची सकाळ उजाडत होती. पोरांना शेकोटी शिकवताना हेही सांग.

सोबत डबीत थोडा सावरीचा कापूस पाठवते आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सावर आहे. एप्रिलमध्ये तिच्या बोंडांतून कापूस उडत होता तेव्हा वेचून ठेवला. या खेपेला तो पोरांना हातात देऊन दाखव, ठिणगी पाडून एक चिमूट जाळून दाखव. उरलेला जपून ठेव. येत्या चैत्रात त्यांना घेऊन एखाद्या सावरीखाली जा आणि ज्याचा त्याचा कापूस ज्याला त्याला वेचू दे.

तुझी,
मावशी