साठीनंतरचा डान्सफ्लोअर

साठी उलटल्यावरही पहाटेपर्यंत वाजवता यावं आणि वाजवून झालं की खाली उतरून नाचता यावं, एवढंच माझं डीजे म्हणून ध्येय आहे. घराचे हप्ते, आईवडिलांची दुखणीखुपणी, नोकरीतली बढती हे सगळ्यांचं असतं, ते माझंही आहे. मोठ्या फेस्टिव्हलचं मुख्य स्टेज मात्र माझ्या यादीत नाही.

साठीनंतरचा विचार करतो, कारण ही कला सावकाश पिकते. दोन ट्रॅकचे ठोके जुळवणं आता सिंकचं बटणही करतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात बदल बहुतेक ३२ ठोक्यांच्या टप्प्यांनी येतात. नवा ट्रॅक मध्येच घुसवला तर ठोके जुळूनही नाचणाऱ्याचं पाऊल अडखळतं. तबलजी समेवर येतो तसं टप्प्याच्या पहिल्या ठोक्यावर यावं लागतं. दोन बेस एकावर एक चढले की सगळं गढूळ होतं, म्हणून एक उतरवतानाच दुसरा चढवायचा. हे सगळं सरावानं येतं. सरावानं सहज येत नाही ते थांबणं. समोर हात वर झालेले असताना पेटीतला सगळ्यात जोरकस ट्रॅक अजून न काढणं. तासाभराच्या सेटमध्ये ही कळ काढायला वावच नसतो, म्हणून मला रात्रभराचे सेट हवेत.

गोव्यात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर हे लांब वाजवणं रुजलं. तिथल्या उन्हात विनाइलच्या तबकड्या वाकायच्या, म्हणून डीजे डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप वापरू लागले. डॅटच्या यंत्रांवर वेग कमीजास्त करता येत नसे. मग एक ट्रॅक दुसऱ्यात अलगद विरावा म्हणून सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांब सूर ठेवायचे. तिथल्या गोवा ट्रान्स या संगीताची ती ठेवण अशी अडचणीतून आली, आणि मला ती आजही फार सुंदर वाटते. कॅलिफोर्नियाहून आलेला डीजे गोवा गिल चोवीस-चोवीस तास सलग वाजवायचा. २०२३ मध्ये, ७२ व्या वर्षी तो गेला.

मुंबईचे चरणजित सिंग हे माझं दुसरं दैवत. सिनेसंगीतात वाजवणाऱ्या या माणसानं १९८२ मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर, डिस्कोच्या ठेक्यात दहा राग ध्वनिमुद्रित केले. शिकागोत ३०३ मधून अॅसिड हाउस हे नृत्यसंगीत घडायला अजून काही वर्षं होती. रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरीतले सिंग तरुणांसमोर त्याच यंत्रांवर वाजवू लागले. उशीर झाला म्हणून त्यांचं काम शिळं झालं नव्हतं.

रेव्ह, म्हणजे अशा रात्रभराच्या नाचाच्या पार्टीची बातमी आपल्याकडे बहुधा पोलिसांच्या छाप्याची असते. मला तिथलं वेगळंच काही धरून ठेवतं: अनोळखी माणसं एका ठोक्यावर तासन्‌तास शेजारी नाचतात, कोण काय करतं हे कुणी विचारत नाही. नशेशिवाय हे पुरेपूर मिळतं, मी तसंच घेतो.

मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींवर लोक चिडतात, ते मला पटतं. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नव्हे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं मानलं, तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, आणि क्लबमध्ये १०० सहज गाठले जातात. कानाच्या आतल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात सतत शिट्टी वाजते म्हणून हेडफोन खाली ठेवलेले चांगले डीजे मी पाहिले आहेत.

म्हणून नाचायला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग घ्या. त्यांनी सूर बिघडत नाहीत, फक्त आवाज उतरतो. स्पीकरला चिकटून उभे राहू नका, मधूनमधून बाहेर जाऊन कानांना विसावा द्या. तुम्हालाही साठीनंतर नाचायचं आहे.